ओटीपी म्हणजे आपली सही

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मी चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली. त्यातली पहिली बारा वर्षे माझे काम एकच होते. समोर आलेल्या चेकवरची सही आणि कपाटातल्या कार्डावरची नमुना सही जुळते की नाही, ते पाहायचे. साताऱ्यातले कितीतरी शिक्षक, एसटीचे वाहक-चालक, बाजारातले व्यापारी मी चेहऱ्याआधी सहीवरून ओळखत असे. सही जरा वाकडी दिसली किंवा रक्कम नेहमीपेक्षा मोठी वाटली, की मी चेक बाजूला ठेवून विचारायचो, "काका, ही रक्कम तुम्हीच लिहिलीत ना?" काही जण चिडायचे. पण वर्षातून एखाद-दुसरा खातेदार चेक हातात घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "अहो, हा आकडा माझा नव्हे!"

आज घरबसल्या मोबाईलवर कार्डाने पैसे भरताना तो काउंटर नाही आणि तो कारकूनही नाही. रक्कम वाचणारे आपण, सही करणारे आपण आणि "तुम्हीच लिहिलीत ना?" असे विचारणारेही आपणच. हे माझ्या नीट लक्षात आले ते नोकरीत असताना नव्हे, तर निवृत्तीनंतर, माझ्या सख्ख्या बहिणीच्या फोनवरून. तीच गोष्ट आधी सांगतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, सांगलीला विश्रामबागेत राहते. निवृत्त मुख्याध्यापिका. हिशोबाला इतकी पक्की, की दुधाच्या रतिबातला अर्धा लिटर तिच्या वहीतून सुटत नाही. गेल्या श्रावणात सुनेच्या पहिल्या मंगळागौरीसाठी तिने इंटरनेटवरून साडी मागवली. आली ती भलत्याच रंगाची. तिने ती परत पाठवली, पण पैसे काही परत येईनात. म्हणून तिने दुकानाच्या ग्राहक सेवेचा नंबर इंटरनेटवर शोधला आणि पहिला दिसला त्या नंबरवर फोन केला. तिथेच गाडी रुळावरून घसरली, कारण तो नंबर दुकानाचा नव्हताच.

पलीकडचा मुलगा अतिशय गोड बोलत होता, तेही मराठीत. "मॅडम, तुमचे अठराशे पन्नास रुपये आजच परत करतो. फक्त कार्ड पडताळून घ्यावे लागेल." अक्काने बँकेचे नाव सांगताच त्याने तिच्या कार्डाचे पहिले सहा आकडे धडाधड म्हणून दाखवले. अक्काची खात्री पटली. त्याने पाठवलेल्या दुव्यावर गेल्यावर दुकानाचे चिन्ह असलेले पान उघडले. तिथे तिने कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरले. मोबाईलवर सहा आकडी क्रमांक आला, तो तिने सांगितला. "झाले मॅडम, आता अजून एक येईल," तो म्हणाला.

दुसरा क्रमांक आला तेव्हा मात्र तिच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली. तो फोन तसाच चालू ठेवून तिने घरातल्या दुसऱ्या फोनवरून मला साताऱ्याला फोन लावला. "अरे, पैसे परत द्यायला हा दोनदा नंबर कशाला मागतोय?" मी म्हटले, "आलेला संदेश मला पहिल्या शब्दापासून वाचून दाखव." तिने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. चोवीस हजार नऊशे रुपये, पुढे कुठल्याशा कंपनीचे नाव... आणि तिचा आवाज थांबला. मग तिने आधीचा संदेश पाहिला. त्यात एकोणीस हजार पाचशे रुपये होते. ते गेले होते.

आता या प्रसंगाची एकेक गाठ सोडवून पाहू.

पहिली गाठ कार्डावरच्या आकड्यांची. त्या मुलाला अक्काच्या कार्डाचे पहिले आकडे कसे ठाऊक होते? ते कोणालाही ठाऊक असू शकतात. कार्डाचे सुरुवातीचे सहा आकडे (आता अनेक ठिकाणी आठ धरतात) कार्ड कोणत्या बँकेचे आणि कोणत्या प्रकारचे आहे, ते सांगतात. एका बँकेच्या एका प्रकारच्या हजारो कार्डांवर ते सारखेच असतात. आपल्या गावचा पिन कोड कोणी बरोबर सांगितला, म्हणून तो आपल्या घरचा माणूस ठरत नाही. तसेच हे. खाजगी असतात ते पुढचे आकडे, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे, ज्यांना सीव्हीव्ही म्हणतात. या तीन आकड्यांचे काम एवढेच, की पैसे भरणाऱ्याच्या हाती खरोखर कार्ड आहे, असे मानायला आधार मिळावा. म्हणून ते साठवून ठेवायला कार्ड कंपन्यांच्या नियमांनुसार दुकानांना मनाई आहे. आणि म्हणूनच कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर मुलाला पाठवणे, हे कोरा चेक सही करून पोस्टकार्डासारखा उघडा धाडण्यासारखे आहे.

दुसरी गाठ ओटीपीची, आणि खरी गाठ तीच. कार्डावर जे छापले आहे ते हॉटेलातला वेटर किंवा पेट्रोल पंपावरचा पोऱ्याही वाचू शकतो. तेवढ्यावर पैसे जाऊ नयेत, म्हणून रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २००९ रोजी आदेश काढला. त्यानुसार १ ऑगस्ट २००९ पासून, इंटरनेटवर कार्डाने पैसे भरताना कार्डावर दिसत नाही अशी आणखी एक ओळख देणे सक्तीचे झाले. सुरुवातीला तो ठरावीक पासवर्ड असे. पुढे त्या-त्या व्यवहारापुरता येणारा क्रमांक, म्हणजे ओटीपी रूढ झाला. सप्टेंबर २०२५ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी ओटीपीखेरीज इतर पद्धतींनाही वाट करून दिली आहे. उद्या आपण बोटाचा ठसा देऊ किंवा बँकेच्या ॲपमध्ये 'मंजूर' म्हणू. साधन बदलेल, अर्थ बदलणार नाही. ती आपली सही आहे.

आणि सही कशासाठी लागते? आमच्या काउंटरवरचा साधा नियम सांगतो. खात्यातून पैसे काढायला खातेदाराची सही लागते. खात्यात पैसे भरायला लागत नाही. तुमच्या खात्यात कोणीही येऊन पैसे भरून जावे, आम्ही कधी तुमची सही मागितली नाही. मग परतावा देणारा, बक्षीस देणारा, अनुदान जमा करणारा माणूस तुमची सही का मागतो? हा एक प्रश्न मनाशी विचारला, तरी निम्म्याहून अधिक फसवणुका उंबऱ्यावरच थांबतील.

बहुतेक बँकांच्या ओटीपीच्या संदेशात रक्कम आणि पैसे कोणाला जाणार त्याचे नाव असते. आपली नजर मात्र थेट त्या सहा आकड्यांवर जाते. सगळा संदेश वाचायला दहा सेकंद लागतात. ती दहा सेकंदे मिळू नयेत म्हणूनच पलीकडचा माणूस घाई करतो. "लवकर सांगा, वेळ संपेल, खाते बंद होईल, आज रात्री वीज तोडली जाईल." घाई हेच त्याचे हत्यार. आमच्याकडे कोणी खातेदाराला पुढे करून "साहेब, चटकन पास करा" म्हणत मागे उभा राहिला, की आम्ही मुद्दाम जास्त वेळ घ्यायचो.

तोंडाने गुपित काढून घेण्याची ही युक्ती काही आजची नाही. २००५ साली पुण्यात एक प्रकरण गाजले. 'एम्फसिस' कंपनीच्या पुण्यातल्या कॉल सेंटरमधल्या काही जणांनी सिटी बँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन क्रमांक मिळवले आणि त्यांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले. कुठली तिजोरी फोडावी लागली नाही. ग्राहकांनीच किल्ली सांगितली होती, आणि ते ग्राहक अमेरिकेतले होते. तेव्हा "आपण खेड्यातले, आपल्याला काय कळते" असे मनाला लावून घेण्याचे कारण नाही. गोड आवाजापुढे सगळे सारखेच.

तिसरी गाठ त्या बनावट पानाची. अक्का मला म्हणाली, "अरे, पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' होते. तूच सांगितले होतेस ना, ते असले की सुरक्षित!" हो, मीच सांगितले होते, आणि अर्धवट सांगितले होते. आपल्याकडच्या जुन्या बाजारपेठांत दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. भोवतीच्यांना काही कळत नसे. 'एचटीटीपीएस' म्हणजे तो रुमाल. तुमचे बोलणे वाटेत तिसऱ्याला कळणार नाही, याची हमी तो देतो. रुमालाखालचा हात कोणाचा आहे, हे तो सांगत नाही. तो हात चोराचाही असू शकतो. पूर्वी ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र असे. गूगलने २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते बदलले. कुलूप दिसले म्हणजे संकेतस्थळ भरवशाचे, असा चुकीचा अर्थ लोक घेत होते, हेच त्याचे कारण.

मग हात कोणाचा, ते ओळखायचे कसे? पत्ता वाचून, आणि तोही मागून पुढे. पाकिटावर आपण लिहितो, 'मु. पो. औदुंबर, ता. पलूस, जि. सांगली'. पोस्ट खाते आधी शेवटचा जिल्हा पाहते. इंटरनेटच्या पत्त्यातही, 'एचटीटीपीएस'च्या खुणेनंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधीचा भाग मालक कोण ते सांगतो. समजा पत्ता आहे 'माझीबँक डॉट परतावासेवा डॉट कॉम'. यात मालक आहे 'परतावासेवा डॉट कॉम'. 'माझीबँक' ही नुसती दारावरची पाटी. कोणी आपल्या दोन खोल्यांना 'राजवाडा' नाव दिले, म्हणून तो साताऱ्याचा राजवाडा होत नाही. बँकांपुरती ही ओळख आता सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सर्व बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेपटाच्या पत्त्यावर जायला सांगितले. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळते. तरीही माझे म्हणणे असे, की आलेल्या दुव्यावरून बँकेत जाऊच नये. पत्ता स्वतः टाइप करावा. ग्राहक सेवेचा नंबर हवा असेल तर बँकेचा कार्डाच्या मागे छापलेला घ्यावा, दुकानाचा त्या दुकानाच्या ॲपमधून किंवा बिलावरून घ्यावा.

याच रांगेतली आणखी दोन आमिषे सांगून ठेवतो. एक म्हणजे "मदत करतो, हे ॲप टाका" असे म्हणून आपल्या मोबाईलचा पडदा पलीकडच्याला दाखवणारे ॲप बसवायला लावणे. मग ओटीपी सांगावाही लागत नाही, तो त्याला दिसतोच. अशा एका ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते. दुसरे म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी लग्नपत्रिका किंवा गाडीच्या दंडाची पावती, जिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती पत्रिका नसते, ते ॲप असते, आणि ते आपले संदेश परस्पर वाचते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नये. ज्याच्या नंबरवरून आली तो बिचारा आधीच फसलेला असतो.

आता आपल्या हातात काय आहे, ते पाहू. पुष्कळ आहे.

१ ऑक्टोबर २०२० पासून नियम असा झाला, की नवे कार्ड हाती येते तेव्हा ते देशातल्या एटीएमपुरते आणि दुकानातल्या यंत्रापुरतेच चालू असते. इंटरनेटवरची खरेदी आणि परदेशातला वापर आपण मागितल्यावर चालू होतो. बँकेच्या ॲपमध्ये यासाठी दिव्याच्या बटणासारखी बटणे असतात आणि रकमेची मर्यादाही घालता येते. ज्याला ॲप जमत नाही, त्याने शाखेत जाऊन सांगावे. यातले परदेशाचे बटण फार महत्त्वाचे आहे. ओटीपीची सक्ती आपल्या देशातली. परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर ओटीपी विचारलाच जात नाही. नंबर, मुदत आणि तीन आकडे मिळाले की पैसे गेले. परदेशी काही घ्यायचे नसेल तर ते बटण बंदच ठेवावे. माझ्या कार्डाची इंटरनेट खरेदीची मर्यादा मी पाच हजारांवर ठेवली आहे. मोठी खरेदी असेल त्या दिवशी वाढवतो, संध्याकाळी पुन्हा खाली आणतो. आणि इंटरनेटसाठी जे कार्ड वापरतो, ते ज्या खात्याचे आहे त्यात पेन्शन जमा होत नाही. घरातली सगळी शिल्लक एका कार्डाच्या दारात ठेवू नये.

"दुकानाच्या ॲपमध्ये कार्ड जतन करू का?" असेही लोक विचारतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना आपल्या कार्डाचा खरा नंबर साठवता येत नाही. त्याऐवजी त्या दुकानापुरता एक वेगळा नंबर तयार होतो, त्याला टोकन म्हणतात. जुन्या लोकांना आमच्या बँकेतला पितळी बिल्ला आठवत असेल. चेक दिला की नंबर असलेला बिल्ला मिळायचा, आणि तो त्याच बँकेच्या रोखपालाकडे चालायचा. शेजारच्या बँकेत त्याला कोणी विचारत नसे. हे टोकन तसेच. एका दुकानातून ते चोरीला गेले तरी दुसऱ्या दुकानात चालत नाही.

एवढे सांभाळूनही सगळे आपल्या हातात नसते. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी ९४ कोटींहून अधिक रक्कम लांबवली. नकली कार्डे वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले. आपल्या शेजारच्या कोल्हापुरातही काढले गेले. तिथे कोणा ग्राहकाने ओटीपी सांगितला नव्हता. ग्राहकांच्या खात्यांतले पैसेही गेले नाहीत, नुकसान बँकेचे झाले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरवले.

अशा वेळी कोणाचे नुकसान कोणी सोसायचे? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ते ठरवून दिले, आणि १४ डिसेंबर २०१७ ला सहकारी बँकांनाही तेच लागू केले. आपल्या भागात सहकारी बँका खूप, म्हणून हे मुद्दाम सांगतो. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने काहीच सोसायचे नाही. चूक ना बँकेची ना आपली असेल, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपण कळवले, तरीही आपले नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याच्या बाबतीत आपल्यावर जास्तीत जास्त दहा हजारांचा भार. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. चूक ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकलेली आहे. पण आपणच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचे. म्हणजे चूक कोणाचीही असो, घड्याळ चालू झालेले असते.

आता पुन्हा अक्काकडे येतो. दुसरा ओटीपी वाचला तिथे तिने फोन कापला. मग ती रडायला लागली. "कुणाला सांगू नकोस रे. आयुष्यभर मुलांना शिकवले, आणि मीच अशी..." मी तिची समजूत घालत बसलो. वीस मिनिटे आम्ही दोघांनी अशी घालवली, आणि त्यातला एक जण बँकेतून निवृत्त झालेला होता! मग भाचा बंगळुरूहून फोनवर आला आणि ओरडला, "मामा, आधी कार्ड बंद करा, १९३० लावा!"

१९३० हा सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवण्याचा देशभराचा क्रमांक आहे. २०२१ मध्ये ही सोय वेगळ्या क्रमांकाने सुरू झाली, पुढे तिला १९३० हा क्रमांक मिळाला. तिथे रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा क्रमांक सांगायचा. तक्रार लगेच ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये पैसे गेले तिकडे पोहोचते, आणि पैसे तिथेच असतील तर ते रोखून धरले जातात. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. तो ते दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकवत राहतो. म्हणून पहिल्या तासाची किंमत मोठी. त्यानंतर 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्यायची आणि बँकेला लेखी कळवून पोच घ्यायची.

अक्काच्या एकोणीस हजार पाचशेपैकी अकरा हजार एका वॉलेटमध्ये अडकलेले सापडले. ते साडेतीन महिन्यांनी परत मिळाले. उरलेले साडेआठ हजार त्याआधीच पुढे निघून गेले होते. त्या वीस मिनिटांत गेले की आधीच गेले होते, हे कधीच कळणार नाही. पण मला ती वीस मिनिटे आजही बोचतात.

अक्काने नंतर एक चांगली गोष्ट केली. तिच्या महिला मंडळात तिने स्वतः उभे राहून हा सगळा प्रसंग सांगितला. सांगून झाल्यावर आणखी दोघीजणी उठल्या. त्यांच्याही बाबतीत असेच झाले होते, आणि त्यांनी घरातसुद्धा सांगितले नव्हते. तेव्हा घरात कोणी फसले तर "तुला एवढे कसे कळले नाही?" हे वाक्य निदान पहिला तासभर तोंडातून काढू नका. त्या भीतीनेच माणसे गप्प बसतात, आणि चोराला हवा असतो तो वेळ त्याला मिळतो.

अक्काच्या घरी आता टेलिफोनच्या वर भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. मुख्याध्यापिकेच्या टपोऱ्या अक्षरात त्यावर तीन ओळी आहेत : बँकेचा कार्ड बंद करण्याचा नंबर, १९३०, आणि 'संदेश पूर्ण वाच, मग सही कर.' मी साताऱ्याच्या घरी तसाच कागद लावला आहे. आपणही आज लावा.